बंदी उठवायची, पण कशाच्या भरवशावर?

या वेळी आलेल्या प्रश्नांमधून एकाच विषयावरचे सहा निवडले आहेत. स्पर्धेत ज्या पर्यायावर ‘फारच ओपी’, म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान, म्हणून बंदी घातली, तो परत आणायचा का, आणि आणायचा तर कसा? प्रश्न विचारणाऱ्यांत फायटिंग गेमवाले आहेत, पत्त्यांचे गेम खेळणारे आहेत आणि छोट्या स्पर्धांचे आयोजकही आहेत.

प्रश्न : आमच्या फायटिंग गेमच्या गटात एका पात्रावर दोन वर्षं बंदी आहे. मधे तीन पॅच (गेममध्ये बदल करणारे अपडेट) येऊन गेले. निम्मे म्हणतात उठवा, निम्मे म्हणतात पुन्हा तेच होईल. सुरुवात कुठून करायची?

बंदी घालताना जे कारण दिलं होतं, तिथून. ते लिहून ठेवलेलं नसेल तर त्या वेळच्या सामन्यांचे व्हिडिओ काढा, तेव्हाच्या आयोजकांना विचारा आणि एका वाक्यात कारण लिहा. ‘खूप स्ट्राँग होता’ हे कारण चालणार नाही, कारण ते तपासताच येत नाही. ‘कोपऱ्यात एकदा पकडला की सुटकाच नाही’ हे तपासता येतं. बहुतेक वाद इथेच अडकतात. एकाला ते पात्र जिंकतं म्हणून नको असतं, दुसऱ्याला समोर बसून कंटाळा येतो म्हणून, तिसऱ्याला सामने लांबतात म्हणून. तिघांचं उत्तर वेगवेगळ्या मोजमापातून मिळतं. तिसरं कारण असेल तर विन रेटच्या (जिंकण्याच्या टक्केवारीच्या) तक्त्याचा काही उपयोग नाही, हातात स्टॉपवॉच घ्यावं लागेल. मॅजिक : द गॅदरिंग या पत्त्यांच्या गेमच्या मॉडर्न प्रकारात २०१३ साली सेकंड सनराइज या पत्त्यावर बंदी आली, ती मुख्यतः तो वापरणाऱ्या डेकच्या (खेळाडूने रचलेल्या गड्डीच्या) लांबलचक खेळीमुळे. एकाचीच खेळी इतका वेळ चालायची की अख्खी फेरी खोळंबायची.

कारण हातात आलं की विचारा, त्यानंतर बदललं काय? बदल तीन ठिकाणी होऊ शकतो : खुद्द त्या पर्यायात, त्याच्या जोडीदारांत, किंवा त्याला मिळणाऱ्या उत्तरांत. तिन्हीकडे काहीच बदललेलं नसेल, तर आधीची बंदीच चुकली होती असं दाखवून द्यावं लागेल. तसंही घडतं, पण मग तो दावा उघडपणे मांडा. ‘आता बराच काळ झाला’ यामागे लपवू नका.

पॅचच्या नोंदी वाचून थांबू नका, ट्रेनिंग मोडमध्ये बसा. सेकंदाला ६० फ्रेम धावणाऱ्या गेममध्ये १५ फ्रेम म्हणजे पाव सेकंद. डोळ्यांनी बघून बोट हलायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो, शिवाय कंट्रोलर आणि स्क्रीनची दिरंगाई वेगळी. त्यामुळे लागायला १४ फ्रेम घेणारा हल्ला १६चा झाला, तर कागदावर नर्फ, म्हणजे ताकद कमी केल्याचा बदल, दिसतो, पण समोरच्याच्या हातात काहीच पडत नाही. तोच २६चा झाला, तर बघून अडवता येतो आणि बंदीचं कारण खरोखरच संपतं. न तुटणाऱ्या कॉम्बोमुळे (एकापाठोपाठ एक लागणाऱ्या फटक्यांमुळे) बंदी असेल तर एका पात्रावर करून बघणं पुरेसं नाही. पात्रांची उंची आणि वजन वेगळं असतं, एकावर तुटणारा कॉम्बो दुसऱ्यावर चालू राहतो. रोस्टरमधल्या प्रत्येकावर, कोपऱ्यात आणि मैदानाच्या मधोमध, दहा-दहा वेळा करून नोंद ठेवा. दोघांनी एक संध्याकाळ दिली तर हे उरकतं.

प्रश्न : ‘जोडीदार बदलला म्हणून बंदी उठली’ असं खरंच कुठे घडलं आहे का? की हे फक्त तात्त्विक आहे?

घडलं आहे, आणि दोन्ही दिशांनी. मॉडर्नमध्ये ब्लडब्रेड एल्फवर जानेवारी २०१३ मध्ये बंदी आली, कारण जंड नावाचा डेक डोईजड झाला होता. डेक त्यानंतरही जोरातच राहिला. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याच डेकमधल्या डेथराइट शामनवर बंदी घालावी लागली. म्हणजे पहिला घाव चुकीच्या पत्त्यावर पडला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये एल्फ परत आला, सोबत ‘जेस, द माइंड स्कल्प्टर’ हा पत्ताही आला. लोकांनी आधी भरपूर भीती व्यक्त केली होती, प्रत्यक्षात दोघांपैकी एकानेही प्रकार मोडला नाही.

उलटं उदाहरण गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोलचं. जानेवारी २०१५ मध्ये त्याच्यावरची बंदी उठली आणि पुढचं वर्षभर काही बिघडलं नाही. या पत्त्याची गंमत अशी की एक पत्ता ओढण्याऐवजी गड्डीतले सहा पत्ते ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात) टाकायचे आणि ट्रोल परत हातात घ्यायचा. २०१६ मध्ये ग्रेव्हयार्डमधून आपोआप उभा राहणारा प्राइझ्ड अमालगम आला, मग दोन पत्ते टाकून तीन ओढू देणारं कॅथार्टिक रियुनियन आलं. आता ओढण्याच्या एकेका संधीगणिक सहा-सहा पत्ते ओतले जाऊ लागले. जानेवारी २०१७ मध्ये ट्रोल पुन्हा बंदीत गेला. उठवली तेव्हाची चाचणी चुकीची नव्हती, नंतर आलेल्या पत्त्यांनी तिचा पाया बदलला. म्हणून बंदी उठवताना कागदावर आणखी एक ओळ लिहा : अमुक प्रकारचं काही नवीन आलं, तर हा निर्णय पुन्हा उघडायचा. ट्रोलच्या बाबतीत ती ओळ ‘हातातले पत्ते टाकून झटपट ओढू देणारं काही छापलं गेलं तर’ अशी झाली असती.

सर्वात शिकण्यासारखी गोष्ट लुरस ऑफ द ड्रीम-डेन या पत्त्याची आहे. व्हिंटेज प्रकारात ताकदीच्या पत्त्यांवर सहसा पूर्ण बंदी येत नाही, डेकमध्ये एकच प्रत ठेवायची मर्यादा येते. लुरस मात्र ‘कंपॅनियन’ म्हणून डेकच्या बाहेर बसायचा आणि हवा तेव्हा हजर व्हायचा, एकच प्रत पुरायची, त्यामुळे ती मर्यादा कुचकामी ठरली. मे २०२० मध्ये बंदी आली. जूनमध्ये कंपॅनियनचा नियमच बदलला, आधी तीन माना (पत्ते खेळायला लागणारं गेममधलं चलन) मोजून त्याला हातात घ्यावं लागणार असं ठरलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हिंटेजने लुरसला परत घेतलं. आता पुढचं बघा : बदललेला नियम लागू असूनही मार्च २०२२ मध्ये मॉडर्नने त्याच लुरसवर बंदी घातली. पत्ता तोच, नियम तोच, भोवतालचा खेळ वेगळा. ‘तिकडे चालतं, मग इथे का नाही’ असा युक्तिवाद कुणी केला की हे उदाहरण पुढे करावं.

प्रश्न : आम्ही सहा आठवडे चाचणी घेतली. बंदीतल्या पर्यायाचा विन रेट ५४ टक्के आला. एवढ्यावर बंदी उठवली तर चालेल ना?

तुमच्या आकड्यातून काहीच ठरत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे मिरर सामने. दोन्ही बाजूंनी तोच पर्याय असेल तर त्याचा विन रेट कायम ५० टक्केच असणार. समजा १०० पैकी ६० खेळाडू तो वापरतात आणि इतरांविरुद्ध त्यांचा खरा विन रेट ६० टक्के आहे. त्यांचे दहांतले सहा सामने आपसातच पडतील, चार इतरांशी. एकूण सरासरी निघेल ५४ टक्के. म्हणजे तुमचा ५४ हा आकडा निरुपद्रवी पर्यायाचाही असू शकतो आणि जो तो वापरतो अशा घातक पर्यायाचाही. पर्याय जितका जास्त बोकाळतो, तितका त्याचा एकूण विन रेट सभ्य दिसू लागतो. मिरर सामने वगळून मगच गणित करा.

दुसरं, सामन्यांची संख्या. मिरर वगळल्यावर १०० सामने उरले, तर आकडा सुमारे १० टक्के वरखाली धरावा लागतो. ४०० सामन्यांना ५ टक्के, १००० सामन्यांना ३, आणि २ टक्क्यांच्या आत यायचं तर जवळपास २५००. तुमच्याकडे १०० सामने असतील, तर ५४ म्हणजे ४४ ते ६४ यांतलं काहीही. छोट्या गटाला अडीच हजार सामने कधीच मिळणार नाहीत, म्हणून फक्त विन रेटवर टांगून राहू नये.

त्याऐवजी किती जणांनी पर्याय आणला आणि त्यांतले किती वरच्या आठात पोचले, हे बघा. ६४ खेळाडूंत १६ जणांनी तो आणला असेल, म्हणजे चौथा हिस्सा, तर वरच्या आठात दोन अपेक्षित आहेत. तीन आले तर त्यात विशेष काही नाही. पाच किंवा जास्त आले, तर निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता शंभरात तीनहून कमी. एका स्पर्धेवरून तरीही निष्कर्ष काढू नका, कारण चांगले खेळाडूच चांगला पर्याय आधी उचलतात. त्याच खेळाडूंचे चाचणीआधीचे निकाल शेजारी मांडले की पर्यायाचा हात किती आणि खेळाडूचा किती, हे बरंचसं सुटं होतं.

आणखी एक गोष्ट विन रेटमध्ये दिसतच नाही : बाकीच्यांनी केलेली तजवीज. पर्याय ५० टक्केच जिंकतोय, पण त्याला थोपवायला प्रत्येकाला संघातली एक जागा किंवा साइडबोर्डचे (राखीव गड्डीचे) चार पत्ते कायमचे गुंतवावे लागतायत, तर खेळ आकसलाच. चाचणीपूर्वी आणि चाचणीत किती वेगवेगळे पर्याय वापरले गेले, याची यादी करून ताडून बघा. आमच्या मते ही यादी विन रेटहून जास्त बोलते.

चाचणीत हमखास होणाऱ्या चुकाही सांगायला हव्यात. पहिले एक-दोन आठवडे नवलाईपोटी सगळेच तो पर्याय उचलतात, सराव नसलेले हातही. विन रेट पडतो आणि ‘बघा, काही नाही त्यात’ असा निष्कर्ष निघतो. हे आठवडे वेगळ्या रकान्यात ठेवा. दुसरी चूक म्हणजे चाचणीत पणाला काहीच न लावणं. गुण नाहीत, क्रमवारी नाही, मग कुणी जीव तोडून सराव करत नाही आणि पर्यायाचं शेवटचं टोक दिसत नाही. बक्षीस नसलं तरी चालेल, पण क्रमवारीचे गुण असू द्या. प्रत्येक सामन्याची नोंद पाच रकान्यांत मावते : दोन्ही बाजूंनी काय घेतलं, कोण जिंकलं, सेटचा स्कोअर, लागलेला वेळ आणि पर्याय आधी निवडला की समोरचं बघून. शेवटचा रकाना सगळे विसरतात. समोरचं बघून घेतलेला पर्याय जास्त जिंकणारच.

प्रश्न : मत कुणी द्यायचं? सगळ्यांना विचारलं तर जे खेळतही नाहीत ते ठरवतात, मोजक्यांना विचारलं तर ‘तुमचीच मंडळी’ असा आरोप होतो.

मत त्यांनी द्यावं ज्यांनी चाचणीत भाग घेतला, आणि भाग घेणं म्हणजे काय याचा आकडा आधी जाहीर असावा. पोकेमॉनच्या स्पर्धात्मक खेळाचे नियम बनवणाऱ्या स्मोगन या समूहाची पद्धत इथे उपयोगी पडते. संशयित पर्यायाची ठरावीक मुदतीची चाचणी होते, त्या काळात लॅडरवर (ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत) खेळून विशिष्ट पातळी गाठणाऱ्यालाच मत मिळतं, आणि बंदीसाठी साधं बहुमत पुरत नाही, ६० टक्के लागतात. ती पातळी कुणालाही गाठता येते, त्यामुळे वशिल्याचा आरोप टिकत नाही. ३०-४० जणांच्या गटात ‘चाचणीत किमान २० सामने, त्यांतले किमान ८ त्या पर्यायाविरुद्ध’ एवढी अट बास. ‘विरुद्ध’ हा शब्द काढू नका. फक्त वापरून पाहिलेल्याला समोरच्याची घुसमट कळत नाही.

आता कळीचा मुद्दा, ज्यावरून गट फुटतात. ४० मतदार आहेत, २२ म्हणतात उठवा. म्हणजे ५५ टक्के. ‘उठवायला ६० टक्के हवेत’ असा नियम असेल तर बंदी राहते. ‘बंदी ठेवायला ६० टक्के हवेत’ असा असेल तर ती उठते. मतं तीच, निकाल उलटा. हा नियम मतदानानंतर ठरवायला बसलात तर सगळा गट हातचा गेला म्हणून समजा. आमचा सल्ला असा की चालू स्थिती बदलू पाहणाऱ्यावर भार टाका. बंदी चालू आहे, तर उठवणाऱ्यांनी ६० टक्के आणावेत. एकदा उठली, की पुन्हा घालू पाहणाऱ्यांनी ६० टक्के आणावेत. असं केलं की दोन-चार मतं इकडची तिकडे झाल्याने यादी दर तीन महिन्यांनी उलटसुलट होत नाही.

प्रश्न : पूर्ण मोकळीक आणि पूर्ण बंदी यांच्या मधला रस्ता असतो का? की अर्धवट बंदी म्हणजे नुसता गोंधळ?

पत्त्यांच्या गेममध्ये मधला रस्ता चांगला चालतो, कारण तिथे प्रती मोजता येतात. यू-गी-ओच्या यादीत तर पायऱ्याच आहेत : बंदी, एक प्रत, दोन प्रती, मग नेहमीच्या तीन. पत्ता बंदीतून थेट तिनावर आणण्याऐवजी एकावर आणून बघता येतो. फक्त एक लक्षात ठेवा, डेकमधून हवा तो पत्ता शोधून आणणारे पत्ते भरपूर असतील तर एक प्रतही तीनसारखीच वागते.

इतर गेममध्ये पर्यायाचा त्रासदायक भाग तेवढा कापता येतो का, हे बघावं. पोकेमॉन गेमच्या पाचव्या पिढीत गार्चोम्प या पोकेमॉनला हाकलावं लागलं ते त्याच्या सँड व्हेल या गुणामुळे. वाळूच्या वादळात समोरच्याचे हल्ले पाचांतून एकदा हुकायचे आणि सामना नशिबावर जायचा. पुढे त्याला रफ स्किन हा दुसरा गुण मिळाला. मग बंदी सँड व्हेलवर टाकून गार्चोम्पला परत घेता आलं. त्याच पिढीत ड्रिझल (पाऊस पाडणारा) आणि स्विफ्ट स्विम (पावसात वेग वाढवणारा) हे गुण एकाच संघात एकत्र आणायचे नाहीत असाही नियम झाला, सुटे मात्र चालत होते.

तिथे हे जमलं, कारण संघ तपासणारं सॉफ्टवेअरच नियम मोडणारा संघ आत येऊ देत नाही. माणसाने उभं राहून पाळत ठेवायची असेल तर गणित बदलतं. ‘ही चाल सलग तीनपेक्षा जास्त वेळा नको’ असा नियम केलात, तर मोजणार कोण? दोन्ही खेळाडू वेगळं मोजतील आणि पंच तोवर दुसऱ्या टेबलावर असेल. आमची कसोटी साधी आहे : कुणालाही न विचारता, स्क्रीन किंवा टेबल बघून पाच सेकंदांत पंचाला निकाल देता येतो का? येत नसेल तर तो नियम करू नका. पूर्ण बंदी किंवा पूर्ण मोकळीक यांतलं एक निवडा.

जुन्या, पॅच न येणाऱ्या गेमसाठी हाच मुद्दा आणखी कडक लागू होतो. सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बोमधला अकुमा हवेतून तिरका फायरबॉल टाकतो आणि त्या गेमच्या बहुतेक पात्रांकडे त्याला धड उत्तर नाही. १९९४चा गेम, त्यात बदल होणार नाही, म्हणून इतकी वर्षं स्पर्धांमधून अकुमा बाहेरच आहे. जपानमध्ये तर लेखी नियमाचीही फारशी गरज पडली नाही, तो न घेण्याचा संकेतच पडून गेला. अशी बंदी दरवर्षी उकरून काढण्यात वेळ घालवू नये.

प्रश्न : आमच्या यादीत चार पर्याय बंदीत आहेत. एकदम सगळे उठवावेत का? आणि जाहीर कधी करावं?

मॅजिकवाल्यांनी १६ डिसेंबर २०२४ रोजी मॉडर्नमध्ये एकदम चार पत्ते मोकळे केले : मॉक्स ओपल, फेथलेस लूटिंग, ग्रीन सन्स झेनिथ आणि स्प्लिंटर ट्विन. त्याच दिवशी द वन रिंगसह तीन पत्त्यांवर बंदीही घातली. जानेवारी २०१६ पासून बंदीत असलेला आणि इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली गेली तो स्प्लिंटर ट्विन फारसा चमकलाच नाही. ओपलने मात्र अंडरवर्ल्ड ब्रीच या पत्त्याच्या डेकला इतका वेग दिला की ३१ मार्च २०२५ रोजी ब्रीचवर बंदी घालावी लागली, ओपल मोकळाच राहिला. त्यांच्याकडे रोज हजारो ऑनलाइन सामन्यांची नोंद जमा होते, म्हणून कोण कुणामुळे फोफावलं हे त्यांना सोडवता आलं. तुमच्याकडे आठवड्याला तीसेक सामने असतील तर चार पर्याय एकदम सोडल्यावर दोष कुणाचा, हे कधीच कळणार नाही. एका वेळी एकच सोडा. सुरुवात सर्वात कमकुवत वाटणाऱ्यापासून करा. त्याने मोठा फरक पडणार नाही, पण तुमची नोंदीची आणि मतदानाची पद्धत त्यावर घासूनपुसून होईल. एकमेकांना बळ देणारे दोघे असतील, तर दुसऱ्याची पाळी पहिल्याचा निकाल पक्का झाल्यावरच.

तारखेबाबत : निर्णय जाहीर झाल्यापासून पुढची मोठी स्पर्धा किमान चार आठवडे लांब असावी. पर्याय वापरू पाहणाऱ्याला सराव हवा, आणि त्याहून जास्त तो अडवू पाहणाऱ्याला हवा. स्पर्धेच्या आठवड्यात उठवलेली बंदी फक्त गुपचूप सराव करत बसलेल्याच्या पथ्यावर पडते. पत्त्यांच्या गेममध्ये निर्णय बाहेर फुटू देऊ नका. बंदी उठणार अशी नुसती कुणकुण लागली तरी पत्त्याची किंमत चढते, आणि मग समितीतल्या कुणी आधीच घेऊन ठेवले का, हा संशय कायमचा मागे लागतो. समितीच्या सभासदांनी त्या काळात तो पत्ता विकत घ्यायचा नाही आणि विकायचाही नाही, असा लेखी नियम करा.

जाहीर करायच्या मजकुरात पाच गोष्टी हव्यात : मूळ बंदीचं कारण, त्यात काय बदललं, चाचणीचे आकडे (सामन्यांच्या संख्येसकट), लागू होण्याची तारीख आणि फेरविचाराची तारीख. फेरविचार तीन महिन्यांनी ठेवा आणि काय दिसलं तर पुन्हा मत घेणार हे आत्ताच लिहा, उदाहरणार्थ ‘सलग दोन स्पर्धांत वरच्या आठात पाच किंवा अधिक’. मधेच एखादी स्पर्धा एकतर्फी झाली म्हणून ठरलेल्या तारखेआधी यादीला हात लावू नका. अपवाद फक्त गेमच गोठवणाऱ्या किंवा बंद पाडणाऱ्या बगचा. तो सापडला तर त्याच दिवशी बंदी घाला, मतदान नंतर.